चिकटीचं मंदविष

छोटी छत्तीस वर्षांची होती. आई-वडील गेले तरी दादाने तिचं घरातलं नाव सोडलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी दादाचं लग्न झालं, तेव्हा वहिनीने त्या नावाला शेपूट जोडून ‘छोटीताई’ केलं. वहिनी वयाने तिच्याहून लहान आणि नात्याने मोठी, त्यामुळे छोटी आणि ताई ही दोन्ही नावं एकत्र नांदायला कुणाची हरकत नव्हती.

छोटी रंगाच्या दुकानात रंग जुळवायची. कुणी भिंतीचा पोपडा घेऊन येई, कुणी पडद्याचा तुकडा. एकदा तर एक गृहस्थ आपल्या कुत्र्याचे केस पुडीत बांधून घेऊन आले होते, दिवाणखाना त्याच रंगाचा हवा म्हणून. छोटी पांढऱ्या डब्यात थेंबाथेंबाने काळा, पिवळा, तांबडा सोडायची, डबा यंत्रात घुसळायची, पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढून हेअर ड्रायरने वाळवायची आणि दारात उजेडाला नेऊन नमुन्याशी ताडून पाहायची. तिच्या नजरेतून फरक निसटत नाही असं मालक म्हणायचे, आणि तिलाही तसंच वाटायचं.

रविवारची दुपार मात्र तिची स्वतःची होती. फर्निचरच्या एका दुकानाच्या माळ्यावर पंचवीस-तीस मोठी माणसं जमायची आणि राक्षसांच्या झुंजीचा व्हिडिओ गेम खेळायची. वर्षभर त्यांची साखळी स्पर्धा चालायची. खेळ सोपा. समोरासमोर दोघं, प्रत्येकाच्या हातात आपापलं यंत्र, प्रत्येकाचे तीन राक्षस. दर फेरीला दोघांनी गुपचूप आपापला डाव निवडायचा आणि दोन्ही डाव एकदम पडद्यावर उतरायचे. बहुतेकांचे राक्षस आग ओकायचे नाहीतर विजा पाडायचे. छोटीकडे एक गोगलगाय होती. हिरवट, लिबलिबीत, दिसायला अगदी गरीब. तिचं नाव चिकटी आणि तिचा हुकमी डाव मंदविष.

मंदविष लागलं की पहिल्या फेरीला चिमटा काढल्याइतकंच दुखतं. दुसऱ्या फेरीला त्याच्या दुप्पट, तिसऱ्याला आणखी. चिकटी शंखात शिरून बसायची आणि समोरचा आपोआप झिजत जायचा. यातून वाचायला दोनच वाटा होत्या. एक लोखंडी कासव, ज्याला विष बाधतच नाही. पण त्या कासवाकडून बाकी काही होत नाही, एक जागा फुकट जाते. दुसरी वाट म्हणजे विष येईल नेमक्या त्याच फेरीत कवच घ्यायचं. एक फेरी आधी घेतलं तर वाया, नंतर घेतलं तर उपयोग नाही. समोरच्याच्या मनातलं कळल्याशिवाय ते कुणाला जमत नसे. म्हणून माळ्यावर छोटीला सगळे विषबाई म्हणायचे आणि जरा टरकून असायचे.

मग या वर्षी दातांचे डॉक्टर आले. बुटके, नीटनेटके, खेळताना कधी यंत्राकडे तर कधी समोरच्याकडे बघणारे. पहिल्याच सामन्यात छोटीने मंदविष टाकलं आणि त्याच फेरीला डॉक्टरांनी आपला राक्षस मागे घेऊन कासव पुढे केलं. असेल नशीब, असं छोटी म्हणाली. दुसऱ्या सामन्यात तिने मुद्दाम उशीर केला. चार फेऱ्या नुसती चालढकल केली, पाचव्या फेरीला विष टाकलं. पाचव्याच फेरीला कासव. शेवटी ते कासव बाद झाल्यावर तिने पुन्हा विष टाकलं, तर समोरच्या दुसऱ्या राक्षसाने कवच घेतलेलं.

नशीब इतकं वक्तशीर नसतं. घरी परतताना छोटीच्या डोक्यात एकच विचार होता. हे डाव मी आधी कुणासमोर बोलले?

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. तिला मोठ्याने विचार करायची खोड होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून ती सराव करायची आणि पुटपुटायची, “पाचव्या फेरीपर्यंत थांबू, मग चिकटी.” दादा बातम्या बघत असायचा, त्याच्या कानात काही शिरत नसे. समोर असायची ती वहिनी. कपड्यांच्या घड्या घालत, नाहीतर चहा करत. चार महिन्यांपासून. आणि हरणंही, धरून चालायचं तर, चार महिन्यांपासूनच.

एकदा तो किडा डोक्यात शिरला आणि मग छोटीला जिकडे तिकडे खुणा दिसू लागल्या. वहिनी खोलीत फोनवर हसत असायची, छोटीची चाहूल लागली की फोन बंद. “कोण होतं?” असं सहज विचारलं तर “आई” एवढंच. आईशी बोलताना माणूस फोन झाकतो का? एकदा वहिनीने आपणहून विचारलं, “त्या गोगलगायीचं विष उतरत नाही का कधीच?” आधी छोटीला असल्या प्रश्नाचं कौतुक वाटलं असतं. आता तिने वहिनीकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, “का? कुणाला हवंय?”

वहिनीचा चेहरा पडला. छोटीने त्या पडलेल्या चेहऱ्याचीही नोंद मनात करून ठेवली.

त्या मंगळवारी ती दुकानासाठी पुठ्ठे आणायला पुलापलीकडे गेली होती. रस्ता ओलांडणार तोच समोरच्या जिन्यातून वहिनी खाली उतरली. तोंडाला रुमाल, नजर जमिनीवर, झपाझप पावलं. जिन्याच्या डोक्यावर निळी पाटी होती, आणि पाटीवर दातांच्या डॉक्टरांचं नाव.

छोटी गाडीच्या आड उभी राहिली. हाक मारावी असं तिला वाटलंच नाही. उलट छातीत काहीतरी गार, स्वच्छ असं पसरलं. म्हणजे आपण खुळ्या नाही.

संध्याकाळी तिने अगदी सहज सूर लावला. “आज कुठे गेला होतात, वहिनी?”

“शिंप्याकडे,” वहिनी पाठमोरीच म्हणाली. “ब्लाउजची बाही काढायला.”

दुसऱ्या दिवशी दुकानात छोटीने एका बाईंना फिकट आबोलीऐवजी चक्क गाजराचा रंग करून दिला. मालकांनी डबा परत घेतला आणि तिच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती सापळा रचण्यात गुंतली होती.

सापळा साधाच होता. शनिवारी संध्याकाळी ती टेबलाशी बसली आणि वहिनीला ऐकू जाईल असं म्हणाली, “उद्या मंदविष नाहीच. चिकटीला घरी ठेवते. बघू या कासव घेऊन काय करतो तो.” हे तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी उद्या नेहमीसारखं कासव आणलं, तर वहिनी निर्दोष. नाही आणलं, तर विषच येणार नाही हे त्यांना कुणीतरी पोचवलं, आणि कुणीतरी म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती.

“बरं,” वहिनी घडी घालत म्हणाली. नुसतंच बरं. छोटीला ते फारच साळसूद वाटलं.

रविवारी माळ्यावर दोघं समोरासमोर बसले. दोघांचे राक्षस पडद्यावर झळकले. छोटीने चिकटीला अर्थातच आणलं होतं. डॉक्टरांकडे एक पक्षी, एक अस्वल, एक पाण्यातला साप. कासव नव्हतं.

छोटीने ओठ घट्ट मिटले. मिळालं. आता हरलो काय, जिंकलो काय. तरी हात खेळत होते, खुर्चीच्या टोकावर बसून तिने दोन-तीन डाव खेळले, मग निवांत टेकून मंदविष टाकलं. डॉक्टरांच्या पक्ष्याने त्याच फेरीत कवच घेतलं होतं. विष ओघळून गेलं. छोटीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं सोडून दिलं. तिचं लक्ष घराकडे लागलं होतं. सामना ती हरली. डॉक्टरांनी हात पुढे केला, तो तिने बोटांच्या टोकांनी हलवला आणि जिना उतरली.

घरी दादा आणि वहिनी चहा घेत होते. छोटीने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“वहिनी, पुलापलीकडचे दातांचे डॉक्टर तुमच्या ओळखीचे आहेत?”

वहिनीने कपबशी खाली ठेवली. “कोण डॉक्टर?”

“निळी पाटी. मंगळवारी त्यांच्या जिन्यातून तुम्ही उतरलात. आणि मला सांगितलंत, शिंप्याकडे गेले होते.”

दादाने बातम्यांचा आवाज बंद केला. “काय चाललंय?”

“विचार त्यांना. माझे डाव त्या माणसाला आधीपासून ठाऊक असतात. काल मी फक्त यांच्यासमोर म्हणाले की विष वापरणार नाही, आणि आज तो कासव न घेता आला.”

“छोटे, खेळ आहे गं तो.”

“खेळाचं नाही, दादा. या घरातलं बोलणं बाहेर जातंय, त्याचं बोलतेय मी.”

“कासव कसलं?” वहिनी म्हणाली. ती खरंच गोंधळलेली दिसत होती, आणि छोटीला वाटलं, काय बेमालूम सोंग आहे.

“मग सांगा ना तिथे कशाला गेला होतात ते.”

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा काहीच बोलला नाही. तोही उत्तराची वाट पाहत होता. ते तिच्या लक्षात आलं. तिने तोंडासमोर हात धरला, अंगठा आत घातला आणि बशीत काहीतरी ठेवलं. गुलाबी पट्टीवर बसवलेला एक दात. समोरचा. एका दाताची कवळी.

“शाळेत जिन्यावरून पडले होते,” ती म्हणाली. तिच्या शब्दांतून वारा जात होता, ओळखीचा आवाज अनोळखी झाला होता. “तेव्हापासून लावते. मागच्या महिन्यात चीर गेली. आता पक्का बसवून घेतेय. तोवर कुणाला कळू नये असं वाटलं होतं.”

दादा बशीकडे बघत राहिला. वहिनी थोडा वेळ थांबली, जणू त्याला बोलायला जागा देत होती. मग तिने दात उचलला, मोरीत खळबळून धुतला आणि आत निघून गेली. सकाळी ती आईकडे गेली. काही दिवसांसाठी, असं दादाला म्हणाली.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. जेवताना दादाने विचारलं, “तू अजून तेच म्हणतेस?”

“दात खरा आहे,” छोटी म्हणाली. “म्हणजे खोटा आहे, पण ती गोष्ट खरी आहे. त्या तिथे कशाला गेल्या ते कळलं. पण कासवाचं काय?”

दादाने ताट सरकवलं आणि उठला.

तिला लाज वाटत नव्हती असं नाही. पण लाजेच्या तळाशी तो किडा अजून वळवळत होताच. खुर्चीत आ करून बसलेलं माणूस डॉक्टरांशी काय काय बोलत असेल. माझी नणंद अमुक खेळते, तमुक म्हणते. मुद्दाम नाही, सहज. सहज सांगितलं तरी सांगितलंच ना. शेवटी तिने दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि निळ्या पाटीखालचा जिना चढली.

बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या माणसांत तीही बसून राहिली. तिचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला.

“कुठला दुखतोय?”

“दात नाही. मला विचारायचंय. आमच्या वहिनी तुमच्याकडे येतात.”

“माझ्याकडे कोण येतं हे मी कुणाला सांगत नसतो.” आवाज एकदम कोरडा झाला.

“त्यांचं राहू द्या. माझे डाव तुम्हाला कोण सांगतं?”

डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. आधी त्यांना राग आला असावा, मग काहीतरी उमगलं असावं. “तुम्ही माझ्या एखाद्या पेशंटवर हा आळ घेतलाय?”

छोटीने नजर वळवली.

“मग सांगावंच लागेल. माझंच नुकसान आहे, पण पेशंटचं नाव या भानगडीत नको.” त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. “मला तुम्हीच सांगता. दर वेळी. तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसून खेळता, मान पुढे काढून. विष टाकायचं ठरलं की पाठ टेकवता. विष टाकल्यावर घाई कसली, म्हणून बसत असाल. पण टेकता आधी आणि बटण दाबता नंतर. मी दिवसभर खुर्चीतल्या माणसांकडे बघतो, बाई. कोण कधी आक्रसणार ते आधी कळलं नाही तर माझी बोटं जागेवर राहायची नाहीत.”

“काहीतरीच,” छोटी म्हणाली. “मग परवा कासव का नाही आणलंत?”

“गरजच काय? तुम्ही टेकलात की कवच घेतलं, झालं. कासवाची जागा मोकळी झाली, तिथे साप घेतला.”

छोटीच्या डोळ्यांसमोर तो पक्षी आला. विष येणारच नाही असं ज्याला कुणी सांगून ठेवलंय, तो माणूस नेमक्या त्याच फेरीला कवच कशाला घेईल? हा प्रश्न तिला रविवारीच पडायला हवा होता. नव्हे, पडला होता. तिनेच त्याला दाराबाहेर ठेवलं होतं. कारण त्या दिवशी तिला हवं ते उत्तर हातात आलं होतं आणि दुसरं काही नको होतं.

ती उठली. आभार मानायचे राहून गेले ते तिला जिन्यात आठवलं, पण परत वर जायचं बळ नव्हतं.

वहिनीच्या आईने दार उघडलं. सगळं ठाऊक असलेला चेहरा. “या. चपला तिथेच राहू द्या,” एवढंच म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार अर्धवट उघडं ठेवलं.

वहिनी इस्त्री करत होती. तिने वर पाहिलं, बस म्हटलं नाही. छोटी उभ्यानेच सगळं सांगून मोकळी झाली. डॉक्टर, खुर्ची, टेकणं, कवच. सांगून झाल्यावर म्हणाली, “चुकलं माझं.”

“तुम्ही टेकता ते मला माहीत होतं,” वहिनी कॉलर सरळ करत म्हणाली.

“काय?”

“तुम्ही टेकलात की मी चहाचं आधण ठेवायचे. मग बराच वेळ तुम्ही जागच्या हलायच्या नाही, कप हातात घेऊन प्यायच्या. पुढे वाकलेल्या असताना दिला की तसाच गार व्हायचा.”

“मग सांगितलं का नाहीत मला?”

“मला काय ठाऊक त्यात गुपित आहे ते. मला वाटलं, पाठ दुखते.”

आतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला आहे की हसू, हे छोटीला कळलं नाही. वहिनीने इस्त्री उभी केली. “आणि तेव्हा ‘कोण होतं’ विचारलंत, म्हणून सांगते. फोनवर मी हसायचे ना, ते तुम्हालाच. आईला व्हिडिओवर तुमची नक्कल करून दाखवायचे.”

“हुबेहूब करते,” दाराआडून आवाज आला.

छोटीला लागलं. आणि त्याच वेळी, हे तिला स्वतःशीसुद्धा कबूल करायला जड गेलं, बरंही वाटलं. म्हणजे या बाईकडे आपलं काहीतरी होतंच. अगदीच हवेत हात मारत नव्हतो आपण. तो विचार तिने तिथल्या तिथे दाबून टाकला, पण आला होता हे खरं.

“रागावलात?” तिने विचारलं.

“तुमच्यावर? आहे राग. जाईल का, माहीत नाही. पण तुम्ही निदान तोंडावर विचारलंत. ह्यांनी काय केलं? तुम्ही माझ्यावर आळ घेतलात तेव्हाही गप्प, मी दात काढून ठेवला तेव्हाही गप्प. मला वाटलं, एक शब्द तरी बोलतील. काहीही.”

“दादाला सुचलं नसेल. तो असाच आहे, त्याला नंतर...”

“मग ते त्यांनी येऊन सांगू द्या. तुम्ही नका सांगू.”

इस्त्री पुन्हा कापडावर फिरायला लागली. भेट संपली होती.

छोटीने घरी येऊन दादाला फक्त “तू जा” म्हटलं. तो आधी चिडला. आता मी काय केलं, म्हणाला. मग दोन दिवस घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या संध्याकाळी कामावरून परस्पर गेला. परत आला तो एकटाच. छोटीने त्याच्या चेहऱ्यावरून काही ताडायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच नजर खाली घेतली. आपल्या ताडण्याचा भरवसा तिला उरला नव्हता.

“बोललो,” दादा म्हणाला. “बघू.”

पुढच्या रविवारी वर्षातला शेवटचा सामना होता, पुन्हा डॉक्टरांशीच. छोटी गेली. खुर्चीत नेमकं कसं बसावं हेच तिला कळेना. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटत होते. पण समोर डॉक्टरांचीही पंचाईत झाली होती. तिने पाठ टेकली तर ती खरी की बनावट, आणि नाही टेकली तर विष आहे की नाही, याचा त्यांना काही थांग लागेना. दोनदा त्यांनी फुकट कवच घेतलं. त्यानंतरच्या फेरीला चिकटीचं मंदविष त्यांच्या अस्वलाला बसलं, आणि आसपासच्या लोकांत कुजबुज झाली. तरीही सामना डॉक्टरच जिंकले. त्यांच्या सापाने छोटीच्या उरलेल्या राक्षसांची वाट लावली. हात मिळवताना ते म्हणाले, “मागच्या वेळेपेक्षा बऱ्याच चांगल्या खेळलात.” छोटीने या वेळी त्यांचा हात नीट धरला आणि दवाखान्यात राहून गेलेले आभार मानले.

घरी दादा खिडकीशी उभा होता. तो कुणाची वाट बघतोय का, हे तिने विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती भांडी लावत बसली. थोड्या वेळाने दारावरची घंटा वाजली. दादा जागचा हलला नाही. हललाच नसता बहुधा. छोटीने हात पुसले आणि दार उघडलं.

वहिनी उभी होती. खांद्याला बॅग, हातात कपड्यांची पिशवी.

“किल्ली नव्हती का तुमच्याकडे?” छोटीने विचारलं.

“आहे ना,” वहिनी म्हणाली, आणि दारातच उभी राहिली.

छोटीला क्षणभर काही उमगलं नाही. मग तिने तिच्या हातातली पिशवी घेतली, दार पूर्ण उघडलं आणि आत वळून हाक मारली, “दादा, वहिनी आल्यात. ये ना इकडे.”